काल तर चालत होती

जुनी गाडी आपणहून बंद पडली, तर कारण कुठंही असू शकतं. झिजलेला भाग, कुजलेली वायर, टाकीतला गाळ, उंदरानं कुरतडलेली नळी. शोधायला अख्खी गाडी मोकळी. पण जी गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजात गेली, जिचं इंजिन तिथं खोललं, बांधलं आणि जी त्यानंतर सुरू व्हायचं नाव घेत नाही, तिचा प्रश्न फार लहान असतो. ज्याला हात लागला नाही ते बहुधा काल होतं तसंच आज आहे. हात लागला त्यातलंच काहीतरी राहिलंय, उलटं बसलंय किंवा ढिलं आहे. तरीही गॅरेजात घडतं ते भलतंच. गाडी उठेना की आधी नवे प्लग येतात, मग नवी कॉइल, मग बॅटरी. आणि बिल चांगलं फुगल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की एक वायर लावायचीच राहिली होती.

उदाहरणाला गाडी घेऊ मारुती ऑम्नी आणि गाव घेऊ सांडोर. वसई पश्चिमेला पापडीजवळचं, सेंट थॉमस चर्चचं हे गाव. वाड्या, विहिरी, बावखलं म्हणजे छोटी तळी, अरुंद रस्ते आणि त्या रस्त्यांवरून भाजीच्या पाट्या, लग्नघरची भांडी, शाळेची पोरं असं काहीही वाहून नेणारी चौकोनी व्हॅन. नंबरपाटीवर एमएच 48 असेल तर नोंदणी वसईची. एमएच 04 असेल तर गाडी बहुधा वसईला स्वतःचा क्रमांक मिळण्याआधीची, ठाण्याच्या नोंदणीची. जुन्या व्हॅनचं वय असं लांबूनही कळतं.

ही व्हॅन सुझुकीच्या आराखड्यावर मारुतीनं 1984 मध्ये आणली. 1988 मध्ये तिचं ‘ऑम्नी’ असं बारसं झालं आणि 2019 मध्ये, नवे सुरक्षानियम आले तेव्हा, उत्पादन थांबलं. म्हणजे पस्तीस वर्षं. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते आणि तपासणी करून ती पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, म्हणून या गाड्या अजून बरीच वर्षं रस्त्यावर दिसतील. इंजिन मारुती 800 चंच: 796 सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, माथ्यावर एक कॅमशाफ्ट आणि तो फिरवणारा रबरी टायमिंग बेल्ट. फरक एवढाच की 800 मध्ये इंजिन बॉनेटखाली असतं आणि ऑम्नीत पुढच्या सीटखाली. सीट उलटली की इंजिन हाताशी. दुरुस्तीला हे सोयीचं. पण पेट्रोलची वाफ, ठिणगी आणि माणूस तिघं एकाच खोलीत येतात, हेही ध्यानात ठेवायला हवं.

समजा, गाडी गरम व्हायला लागली होती. रेडिएटरचं पाणी कमी होत होतं आणि डिपस्टिकवर कॉफीच्या रंगाचा फेस दिसला. हेड गास्केट गेलं होतं. मग हेड उतरवलं, फेसिंगला पाठवलं, व्हॉल्व्ह घासून घेतले आणि खोललंच आहे तर पिस्टनच्या रिंगाही बदलल्या. मशीनशॉपवाल्याच्या तारखा, मध्ये एक सण, मग पाऊस; गाडी दोन महिने पत्र्याखाली उभी. आता सगळं बांधून झालंय. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण उठत नाही.

पहिलं काम पान्याचं नाही, विचारण्याचं आहे. “मिस्त्री, नक्की काय काय खोललं होतं?” हा प्रश्न शांतपणे, चहा सांगून विचारावा, कारण आरोपाचा वास आला की उत्तर ‘सगळं बरोबर लावलंय’ असंच मिळतं. उत्तरातून यादी बनवायची. हेड निघालं म्हणजे टायमिंग बेल्ट निघाला. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड निघाले. डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, निघाला. प्लगच्या वायरी निघाल्या. पाण्याच्या, पेट्रोलच्या आणि व्हॅक्युमच्या नळ्या निघाल्या. अर्थिंगची पट्टी निघाली असेल. डायनॅमो, सेल्फ आणि टाकी मात्र कुणी हलवली नसेल तर ती शेवटी बघायची. आजकाल चांगला मिस्त्री खोलण्याआधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढतो. ते असतील तर अर्धं काम झालं.

दुसरं काम कानाचं. सेल्फ मारल्यावर काय ऐकू येतं? ज्या इंजिनात दाब नीट बनतोय ते लयीत फिरतं. प्रत्येक पिस्टन वर येताना सेल्फला थोडं जड जातं, पुढं हलकं होतं, पुन्हा जड. तीन सिलिंडरांत ती लय स्पष्ट कळते. दाबच बनत नसेल, तर इंजिन शिलाई मशिनसारखं एकसुरी, भरभर फिरतं. एकाच सिलिंडरात दाब नसेल तर लंगडतं. आणि नुसतं ‘टक’ होऊन थांबत असेल तर प्रश्न विजेचा, किंवा सिलिंडरात पाणी आहे.

तिसरं काम नाकाचं. पाच-सात सेकंद सेल्फ मारून प्लग काढायचे. ओले असतील, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय आणि खोट ठिणगीत, तिच्या वेळेत किंवा दाबात आहे. कोरडे ठणठणीत असतील तर आधी पेट्रोलचा माग काढायचा. या दोन मिनिटांच्या तपासणीनं अर्धी यादी कटते, आणि नेमकी हीच करायची राहून जाते.

आधी विजेचं बघू, कारण वसईत तीच जास्त छळते. समुद्र जवळ, हवेत मीठ, चार महिने ओल. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी इथं लवकर धरते. पण इंजिन काम झाल्यावरची खरी गोम अर्थिंगची. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीनं तुटलेलं. दोघांना जोडते ती तांब्याची विणलेली पट्टी. इंजिन बसवताना ती राहिली, किंवा रंग आणि गंजावर तशीच बोल्टनं आवळली, तर सेल्फचा शंभरेक अँपिअरचा प्रवाह परतायला वाट शोधतो. ती त्याला चोकच्या किंवा ॲक्सिलेटरच्या केबलमधून मिळते, कारण त्या धातूच्या आहेत आणि इंजिन-बॉडी दोन्हींना टेकलेल्या असतात. सेल्फ मंद कुंथतो, चोकची केबल हाताला चटका लावते आणि क्वचित तिचं प्लॅस्टिक वितळून धूर येतो. असा धूर दिसला की वायरिंग जळालं म्हणून नवं वायरिंग घालणारे आहेत. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या उणे खुंटावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थिंग खराब. पट्टी काढून, पॉलिश पेपरनं धातू चकचकीत होईपर्यंत घासून पुन्हा लावायची. खर्च शून्य.

बॅटरीही बघून घ्यावी. दोन महिने उभ्या गाडीची बॅटरी स्वतःच उतरते. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर सेल्फ कसाबसा फिरेल, पण कॉइलला ठिणगी पाडायला पुरेसं काही उरणार नाही. मग आपण डेल्को उलटसुलट करत बसतो आणि दोष बॅटरीचा असतो. तपासणी सुरू करण्याआधी बॅटरी चार्ज करून घेणं हे पुढच्या दोन तासांच्या संतापावरचं औषध आहे.

आता करंट. गॅरेजच्या भाषेत ठिणगीला करंटच म्हणतात. प्लग वायरीला लावून त्याचा धातू इंजिनला टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, मरगळलेली ठिणगी दाबाखाली विझते. हे करताना बाकीच्या प्लगची भोकं बुजवलेली असावीत आणि पेट्रोलचं भांडं, फडकं जवळ नसावं. आपण सीटखालच्या खोलीत ठिणग्या पाडतो आहोत.

ठिणगीच नसेल तर टेस्ट लॅम्प घ्यावा. चावी चालू असताना कॉइलच्या अधिक टोकावर दिवा लागला पाहिजे. उणे टोकावर, सेल्फ मारताना, तो लुकलुकला पाहिजे. अधिकवर दिवा नाही म्हणजे वीज कॉइलपर्यंत येतच नाही. उणेवर दिवा सतत लागलेला राहतो म्हणजे प्रवाह तोडणारं-जोडणारं यंत्र काम करत नाही. जुन्या गाड्यांत ते काम पॉइंट करतात, नंतरच्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्युल. पॉइंटची गंमत अशी, की ते चालत्या गाडीत स्वतःला साफ ठेवतात आणि उभ्या गाडीत त्यांच्यावर राखी थर चढतो. दोन महिने आपल्या पावसाळी हवेत पडलेले पॉइंट बघायला चांगले, पण वीज जाऊ देत नाहीत. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवला तरी पुष्कळदा काम होतं. दुसरी खोड पॉइंटच्या वायरीखालच्या छोट्या वायसरांची. त्यातला एक इन्सुलेशनचा असतो. तो चुकीच्या जागी गेला की पॉइंट कायमचे अर्थ होतात आणि उणे टोकावर दिवा लागतच नाही. आणि तिसरी, हसू येईल अशी: डेल्कोचं झाकण लावलं, क्लिपा बसवल्या, पण आतला रोटर फळीवरच राहिला. कॉइल ठिणगी देते, ती झाकणापर्यंत येते आणि पुढं वाटच नाही. हे अनुभवी मिस्त्र्यांच्याही हातून होतं, कारण झाकण लावल्यावर आतलं काही दिसत नाही.

ठिणगी आहे, प्लग ओले आहेत, तरी गाडी उठत नाही. किंवा कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा भडका, नाहीतर सायलेन्सरमधून बार. ही वेळेची भानगड, आणि काम झालेल्या इंजिनात माझ्या मते सगळ्यात आधी संशय घ्यावा तो हिचाच.

चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दर दोन फेऱ्यांत दोनदा अगदी वर येतो. एकदा मिश्रण दाबून, तेव्हा ठिणगी हवी असते. दुसऱ्यांदा जळका धूर बाहेर ढकलून, तेव्हा ठिणगीचा काही उपयोग नसतो. पुलीवरची खूण मात्र दोन्ही वेळा जागेवर दिसते, कारण क्रँकला फक्त स्वतःची फेरी कळते, कॅमची नाही. मिस्त्रीनं खूण जुळवली, समाधानानं डेल्को बसवला आणि ती खूण धूर ढकलण्याच्या वेळची निघाली, तर ठिणगी बरोबर एक फेरी चुकते. सगळं जागच्या जागी, खुणा जुळलेल्या, तरी इंजिन ढिम्म. ओळखायची युक्ती जुनी आहे: बेल्टच्या बाजूच्या पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि पान्यानं क्रँक फिरवायचा. हवा अंगठ्याला बाहेर ढकलते तो दाबाचा स्ट्रोक. त्या वेळी खूण जुळवायची आणि मग झाकण उघडून बघायचं, रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडं तोंड करून आहे का. डेल्को तिरक्या दातांच्या गिअरवर बसत असेल तर आत सरकताना रोटर थोडा फिरतो, हेही गृहीत धरावं लागतं. बसवण्याआधी दिशा बरोबर होती, बसल्यावर एक दात पुढं गेला, असं सर्रास होतं.

वायरींचं गणित तर मोठं मजेचं आहे. या इंजिनाचा क्रम 1-3-2. तीन वायरी तीन जागांवर सहा प्रकारांनी लागू शकतात. त्यातला एक बरोबर. तीन प्रकारांत दोन वायरींची अदलाबदल झालेली असते आणि एक जागेवर असते. म्हणजे एका सिलिंडरला ठिणगी वेळेवर मिळते, दोघांना अवेळी. इंजिन खोकतं, उचकतं, एखादा क्षण उठल्याचा भास देतं. उरलेल्या दोन प्रकारांत क्रम बरोबर असतो, पण तिन्ही वायरी एक-एक घर सरकलेल्या असतात. एकालाही ठिणगी वेळेवर नाही. म्हणून ‘क्रम तपासला, 1-3-2 बरोबर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. क्रम बरोबर असून सुरुवातच चुकलेली असू शकते. झाकणावर पहिल्या सिलिंडरचं घर कुठलं, हे अंगठ्याची परीक्षा केल्यावरच ठरतं. चार सिलिंडरांच्या गाडीत हेच प्रकार चोवीस होतात, तेव्हा ऑम्नीवाल्यानं नशिबाचे आभार मानावेत.

ठिणगीनंतर दाब. इथं हेडचं काम करणाऱ्याची परीक्षा होते. व्हॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये थोडा आत बसतो आणि त्याची दांडी तेवढीच वर येते. त्यामुळे रॉकर आणि दांडी यांच्यातली टॅपेटची फट कमी होते. ही फट मुळातच पाव मिलिमीटरहून कमी. ती संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, दाब गळतो आणि इंजिन मघाच्या एकसुरी आवाजात फिरतं. म्हणून हेड बसवल्यावर टॅपेट नव्यानं लावावेच लागतात, इंजिन थंड असताना, त्या-त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना. जुन्या मापावर सोडून दिलेले टॅपेट हे घासलेल्या हेडच्या बाबतीत फार मोठं कारण आहे, आणि फिलर गेजच्या एका पात्यानं ते पाच मिनिटांत सापडतं.

टायमिंग बेल्ट एक दात चुकला तर गाडी बहुधा सुरू होते, पण चढाला रडते. दोन-तीन दात चुकला तर उठतच नाही. बेल्ट बसवताना खुणा जुळलेल्या असतात, पण टेन्शनर आवळताना बेल्ट एका बाजूला ओढला जातो आणि कॅमची पुली किंचित सरकते. म्हणून बेल्ट लावल्यावर क्रँक पान्यानं, चालत्या दिशेनं, दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा बघायच्या असतात. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे दोन फेऱ्यांनीच दोघं पुन्हा एकत्र येतात. हाताला कुठं कडक अडथळा लागला तर जोर लावायचा नाही. काही इंजिनांत चुकलेल्या टायमिंगमुळे पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो. याच कारणासाठी, इंजिन कामानंतर न उठणाऱ्या गाडीला चार पोरं बोलावून धक्का देणं मला पटत नाही. धक्क्यानं बॅटरीची उणीव भरून निघते. टायमिंगची चूक धक्क्यानं महाग होते.

नव्या रिंगांचा आणखी एक घोटाळा आहे, तो पुस्तकांत कमी आणि गॅरेजांत जास्त भेटतो. नव्या रिंगा अजून बोअरशी घासून जुळलेल्या नसतात. मधली फट ऑइलचा पातळ थर भरून काढतो. गाडी उठत नाही म्हणून चोक ओढून दहा-दहा मिनिटं सेल्फ मारला की न जळालेलं पेट्रोल सिलिंडरात साचतं आणि तो थर धुऊन टाकतं. दाब पडतो. दाब पडला म्हणून गाडी आणखी उठत नाही, म्हणून आणखी सेल्फ. म्हणजे सुरुवातीचा दोष, समजा सुटलेली वायर, सापडला आणि दुरुस्त झाला, तरी गाडी उठत नाही, कारण आता नवा दोष आपणच तयार केलेला असतो. उपाय: प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल टाकायचं, प्लग न लावता, कॉइलची वायर सोडवून, सेल्फ थोडा फिरवायचा, पेट्रोल बाहेर उडू द्यायचं, मग कोरडे, साफ प्लग लावून प्रयत्न करायचा. पुष्कळदा गाडी निळा धूर सोडत उठते. तो धूर ऑइलचा असतो, काही मिनिटांत जातो.

सेल्फ मारून इंजिन मध्येच धाडकन अडकत असेल तर मात्र ताबडतोब थांबावं. सिलिंडरात पाणी असू शकतं, आणि पाणी दबत नाही. गास्केट वाकडं बसलं असेल, किंवा हेडच्या बोल्टच्या भोकांत तळाशी ऑइल-पाणी राहिलं असेल, तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो पण हेड घट्ट बसलेलं नसतं. रात्रभरात रेडिएटरचं पाणी आत झिरपतं. बाहेरचं पाणीही वसईला नवं नाही. 2018 च्या जुलैत हा सगळा पट्टा बुडाला होता, तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांना घाईनं सेल्फ मारून कनेक्टिंग रॉड वाकवून घेणारेही होते. दोन्ही बाबतींत पहिली पायरी एकच: प्लग काढून इंजिन हातानं फिरवायचं.

प्लग कोरडे निघाले तर पेट्रोल. इथं घाई नको, कारण पुष्कळदा दोष नसतोच. कार्बोरेटर साफ केला म्हणजे त्याची वाटी रिकामी, नळ्या रिकाम्या, पंप रिकामा. कार्बोरेटरच्या ऑम्नीत पेट्रोल पंप कॅमशाफ्टवर चालतो. सेल्फवर इंजिन मिनिटाला साधारण 200 फेरे घेतं. दहा सेकंदांत 33 फेरे झाले, कॅमचे त्याच्या निम्मे, म्हणजे पंपाचे जेमतेम 16 ठोके. टाकीपासून पेट्रोल ओढून वाटी भरायला असे बरेच दहा सेकंद लागतात. मध्ये मिनिटभर थांबत राहायचं, नाहीतर सेल्फ जळतो. वाटी भरली का हे कळतं ते असं: सेल्फ बंद ठेवून एअर फिल्टर काढायचा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलेटर एकदा दाबायचा, बारीक पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे.

लोक इथं एक शॉर्टकट घेतात: बाटलीच्या झाकणानं कार्बोरेटरात पेट्रोल ओततात आणि सेल्फ मारतात. टायमिंग बरोबर असेल तर गाडी उठते. चुकलेलं असेल तर बॅकफायर उलटा कार्बोरेटरातून येतो, आणि ऑम्नीत तो येतो तुमच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. टायमिंग तपासलेलं नसताना हे करू नये.

वाटी भरतच नसेल तर नळ्या बघाव्यात. पंपाला येणारी, जाणारी आणि टाकीकडं परतणारी अशा नळ्या असतात. त्यांची अदलाबदल झाली तर पेट्रोल गोल फिरून टाकीत जातं. हेड निघालं असताना आत नट पडू नये म्हणून मॅनिफोल्डच्या तोंडात कोंबलेलं फडकं तसंच राहिल्याचीही उदाहरणं कमी नाहीत. आणि गॅसकिट असलेल्या गाडीत डॅशबोर्डवरचं बटण बघावं. ते गॅसवर असेल तर पेट्रोलच्या नळीतला विजेचा व्हॉल्व्ह बंद राहतो. गॅसचा सिलिंडर रिकामा, पेट्रोल अडवलेलं. त्या व्हॉल्व्हची वायर लावायची राहिली तरी हेच.

पेट्रोलचं वयही महत्त्वाचं झालंय. 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. टाकीतून पेट्रोल उचलणारी नळीही तळाशीच असते. पावसाळ्यात दोन महिने अर्धी टाकी घेऊन उभी राहिलेली नव्वदच्या दशकातली व्हॅन आणि तिच्या जुन्या रबरी नळ्या, पंपाचा जुना पडदा: हे सगळं इथेनॉलच्या आधीच्या काळातलं आहे. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाच मिनिटं ठेवावं. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करणं आलं.

2000 नंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ऑम्नीतही कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. तिथं तपासणीची सुरुवात वेगळी: चावी चालू केल्यावर टाकीकडून दोनेक सेकंद पंपाची घरघर येते का आणि चेक इंजिनचा दिवा लागतो का. दिवा मुळीच लागत नसेल तर संगणकाला वीज किंवा अर्थिंग नाही. लागतो पण ठिणगी नाही, तर क्रँक-कॅमच्या सेन्सरचे कनेक्टर लावायचे राहिलेत का बघावं. या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, न जळालेलं पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो, म्हणून लांबलचक सेल्फ आणि धक्के इथं आणखी महाग.

डिझेलची व्हॅन, म्हणजे आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर, हे निराळं प्रकरण आहे. ठिणगी नाही, डेल्को नाही. काम झाल्यावर ती उठत नसेल तर दहातल्या आठ वेळा नळ्यांत हवा असते. हातपंपानं डिझेल ढकलत, एक-एक नट ढिला करत, बुडबुडे संपेपर्यंत हवा काढायची. मग हीटर प्लग, मग पंपाचं टायमिंग.

ऑम्नी उठली असं धरू. आनंदानं लगेच पोती भरून घोडबंदरमार्गे दादर गाठायचं नाही. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर इंजिन बंद. गाडी उघड्यावर उभी ठेवून गरम होऊ द्यावी. मॅनिफोल्डचं गास्केट गळत असेल तर धूर सीटखालून थेट आत येतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाणी भरताना अडकलेली हवा निघाली की पातळी खाली जाते, ती गाडी थंड झाल्यावर बघून भरावी. टायमिंग लाइट लावून ठिणगीची वेळ पक्की करून घ्यावी. कानानं लावलेलं टायमिंग सांडोरच्या सपाट रस्त्यावर पुरतं, वर्सोवा पुलाच्या चढावर भरल्या गाडीला पुरत नाही. पहिले काही दिवस पापडी, होळी, वसई गाव एवढंच फिरवावं, वेग बदलता ठेवून, म्हणजे रिंगा बसतात. पाचशे किलोमीटरच्या आसपास ऑइल आणि फिल्टर बदलायचा, आणि त्याच वेळी टॅपेट पुन्हा बघायला सांगायचे. हेड बोल्ट पुन्हा आवळायचे की नाही, हे गास्केट कुठल्या प्रकारचं आहे त्यावर ठरतं. त्याचं पाकीट मिस्त्रीनं फेकलं नसेल तर त्यावर लिहिलेलं असतं.